आजेसासूबाईंचा मूनस्टोनचा ब्रोच आणि जुने दागिने जमवण्याचा विचार

शमिका_एरंडवणे
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मार्चमध्ये आजेसासूबाईंची सागवानी पेटी उघडली. मोत्यांच्या कुड्या, एक पिचलेली नथ, आणि तळाशी मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला एक ब्रोच. आजी कॅम्पातल्या शाळेत शिकवायच्या. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी तिथल्या गोऱ्या मुख्याध्यापिका मायदेशी गेल्या, तेव्हा त्यांनी जाताना तो आजींना दिला. आजी तो समारंभाला पदरावर खांद्याशी लावायच्या, एवढं सासूबाईंना आठवतं.

नऊ खडे आहेत. मधला हरभऱ्याएवढा, भोवती तुरीच्या दाण्याएवढे आठ. रंग ताकावरच्या निवळीसारखा. पण हातात घेऊन जरा कलता केला की खड्याच्या आत एक निळा उजेड जागा होतो, एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकतो आणि विझतो. मी त्या रात्री तासभर तेच करत बसले होते.

लक्ष्मी रोडवर दोन ठिकाणी दाखवला. पहिल्यांनी सोन्याची शुद्धता मोजायच्या मशीनवर ठेवला, ‘बासष्ट टक्के टंच आहे, भेसळीचं सोनं’ म्हणाले. ‘मोड घाला, खडे काढून हातात देतो, त्यांना किंमत नाही.’ दुसऱ्यांनी मशीनवरही ठेवला नाही. मी ब्रोच घेऊन घरी आले.

तेव्हापासून या खड्याचं वेड लागलंय. माझी एक एफडी जूनमध्ये सुटते, दीड लाखाची. ती पुन्हा न ठेवता जुने मूनस्टोनचे दागिने थोडे थोडे जमवावेत असं मनात आहे. प्रश्न दोन. हौस म्हणून ठीक, पण गुंतवणूक म्हणून यात अर्थ आहे का? आणि पुण्यात बसून खरं-खोटं ओळखायचं कसं?

माई_सहकारनगर
शमिका, पहिलं काम चांगलं केलंस. मोड घातली नाहीस.

अद्वैत_जी
दुसऱ्या प्रश्नाचं मला कळत नाही, पहिल्याचं सांगतो. गुंतवणूक म्हणून नको. सोन्याचा भाव रोज सकाळी निघतो, मूनस्टोनचा निघत नाही. ज्या वस्तूला भाव नाही ती विकायला गेल्यावर समोरचा म्हणेल तीच किंमत. दीड लाख गोल्ड ईटीएफमध्ये, म्हणजे सोन्याच्या भावावर चालणाऱ्या फंडात, टाका आणि ब्रोच आनंदाने वापरा.

नीरजा_बाणेर
ओळखण्याबद्दल माझा ठेचाळलेला अनुभव. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात ‘व्हिक्टोरियन मूनस्टोन’ म्हणून अंगठी घेतली, साडेतीन हजारांना. निळी चमक इतकी सुंदर, की मी दुसरा विचारच केला नाही. घरी आल्यावर मुलीने ती खिडकीपाशी धरली आणि म्हणाली, ‘आई, ही केशरी दिसतेय.’ काळ्या कापडावर निळी, उजेडासमोर धरली की केशरी! ती ओपलाइट निघाली, म्हणजे साधी काच. भिंगातून आत हवेचे दोन बुडबुडेही दिसले. ज्यांनी विकली त्यांचा फोन आता लागत नाही.

दगडधोंडे
निवृत्त भूशास्त्र शिक्षक. नीरजाताईंनी सांगितलेली खूण अगदी बरोबर आहे. ती का लागू पडते तेही सांगतो, म्हणजे पाठ करावी लागणार नाही.

चंद्रकांत, म्हणजेच मूनस्टोन, हा फेल्डस्पार या खनिजांच्या कुळातला. खोल जमिनीत तापलेल्या अवस्थेत ऑर्थोक्लेज आणि अल्बाइट ही दोन खनिजं एकजीव असतात. सावकाश थंड होताना ती वेगळी होतात आणि एकावर एक पातळ थर बसतात. आपल्या चिरोट्याच्या पदरांसारखे, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. प्रकाश त्या थरांवर विखुरतो आणि शमिकाताईंनी लिहिलेला तो सरकता उजेड दिसतो. थर फार पातळ असतील तर निळा, जाड असतील तर पांढरा.

म्हणून खऱ्या खड्यात उजेड ठरावीक कोनातच दिसतो आणि खडा फिरवला की सरकतो. काचेत थर नसतात. तिथे उजेड सगळीकडून सारखा, दुधात नीळ कालवल्यासारखा. खडा घासणाऱ्यालाही हे थर ओळखून, ते तळाशी समांतर राहतील असा घुमट घासावा लागतो. तसं केलं तर उजेड बरोबर माथ्यावर येतो, चुकलं तर कडेला लोंबतो. जुन्या चांगल्या दागिन्यात नऊच्या नऊ खड्यांचा उजेड एका दिशेने सरकत असेल, तर कारागिराने ते बसवताना जुळवून घेतलेत असं समजा. शमिकाताई, तेवढं बघून सांगाल?

आणखी एक. दहा पट भिंगातून कधी कधी आत गोमेसारखी रेघ दिसते, मधे एक चीर आणि दोन्ही बाजूंना बारीक पाय. ती आतल्या ताणाने पडलेली असते आणि मूनस्टोनची खास खूण मानतात. दोष म्हणून नाक मुरडू नका, खरेपणाची साक्ष आहे ती.

अवलिया_७७
आमच्या चंद्रकांतकाकांच्या अंगावर कुठल्याही कोनातून उजेड दिसत नाही. ते काचेचे असावेत काय? :)

दगडधोंडे
काकांना सावकाश थंड होऊ द्या, थर पडतील. :)

कृत्तिका
अवांतर, पण राहवत नाही. संस्कृत काव्यात चंद्रकांत मणी चांदण्यात पाझरतो, सूर्यकांत उन्हात पेट घेतो. लहानपणी हे वाचून मी आईच्या अंगठीतला खडा कोजागरीला गच्चीवर वाटीत ठेवला होता. सकाळी वाटीत पाणी होतं! दव पडलं होतं हे आईने सांगितलं नाही, मला पुढे कॉलेजात कळलं. ती अंगठी अजून माझ्याकडे आहे.

ग्रहयोग
चंद्र दुर्बळ असेल तर मोत्याऐवजी चंद्रकांत चांदीत, करंगळीत, सोमवारी धारण करतात. जुना वापरलेला खडा मात्र घेऊ नये, आधीच्या माणसाचे भोग येतात.

स्मरणिका
ग्रहयोग, तुमच्या श्रद्धेचा आदर आहे, पण मग आपल्या आज्यांच्या पाटल्या, ठुश्या आपण कोणीच घालायला नकोत. आधीच्या माणसाचे भोग येत असतील तर त्यांची मायाही येत असेल.

शमिका, मी बारा वर्षं जुने दागिने जमवते आहे, त्यातले सात मूनस्टोनचे. माझं मत अद्वैतपेक्षा थोडं वेगळं आहे. खडा म्हणून मूनस्टोन महाग नाही. आपल्याकडे तमिळनाडूत कांगेयमच्या बाजूला राखी, पीच, हिरवट रंगाचे मिळतात, मनगटात भरतील एवढ्या माळा परवडणाऱ्या किमतीत येतात. निळा उजेड आणि आतून काचेसारखा स्वच्छ असा माल श्रीलंकेचा, दक्षिण किनाऱ्याजवळच्या मीतियागोडाचा. तिथे पांढऱ्या मातीत खड्डे खणून तो काढत आले आहेत. तो दुर्मीळ आणि महाग. पण जुन्या दागिन्यात पैसा खड्यापेक्षा कामाला आणि काळाला मिळतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला युरोपात या खड्याला मोठा मान होता. फ्रान्समध्ये रने लालिकने तो मीनाकामाशेजारी बसवला. डेन्मार्कमध्ये गेओर्ग येन्सनने १९०४ साली कोपनहेगनला आपलं काम सुरू केलं, त्याच्या चांदीच्या फुलापानांत मूनस्टोन सारखा भेटतो. इंग्लंडमध्ये हाताने घडवण्याचा आग्रह धरणाऱ्या कारागिरांना हिऱ्यापेक्षा असे घुमटाकार, शांत खडे आवडायचे. शिवाय चंद्राचा हसरा चेहरा कोरलेले मूनस्टोन असायचे, भोवती बारीक हिरे. असा एक जरी मिळाला तरी त्याला गिऱ्हाईक आहे. फक्त ते लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये आहे, लक्ष्मी रोडवर नाही. पुण्यातल्या संग्राहकाची खरी अडचण ही आहे.

अद्वैत_जी
म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलो. गिऱ्हाईक परदेशात, माल इथे. मग परदेशी साइटवर टाकून विकावा.

हिशोबनीस
अद्वैत, सांभाळून. १९७२चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू त्यात बसते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर विकायला पाठवता येत नाही. अशा वस्तूंचा धंदा करायलाही परवाना लागतो. वस्तू शंभरीच्या आतली आहे की नाही याबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घेता येतो. मगच पार्सल बांधा.

करांचंही सांगतो. दागिना ही घरगुती वापराची वस्तू म्हणून करातून सुटत नाही, ती भांडवली मालमत्ता धरतात. चोवीस महिन्यांहून जास्त ठेवून विकली तर २३ जुलै २०२४ पासून नफ्यावर साडेबारा टक्के, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. वारशाने आलेल्या वस्तूला मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात आणि त्या मालकाकडचा काळही मोजतात. वस्तू १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत धरता येते. शमिकाताईंनी ब्रोच विकला नाही तरी त्याचं मूल्यांकन एकदा कागदावर करून ठेवावं. विम्यालाही उपयोगी पडतं.

रविवारपेठी
मी सराफी कामातला, तिसरी पिढी. दोन्ही दुकानदारांच्या वतीने थोडं बोलतो, कारण आमच्यावर राग निघतोय. आमच्या पेढीवर माल आला की आम्ही वजन आणि टंच बघतो. जुन्या दागिन्याला वेळोवेळी डाग दिलेला, म्हणजे वितळवलेल्या धातूने सांधा जोडलेला असतो, त्या डागात हलकं सोनं जातं, म्हणून टंच खाली येतो. बासष्ट टक्के म्हणजे बहुतेक असंच काहीतरी. आणि खड्याला आमच्याकडे किंमत नाही म्हणजे तो कवडीमोल आहे असं नाही. आम्ही तो पुढे कोणाला विकणार, एवढाच अर्थ. पण ‘भेसळ’ हा शब्द वापरायला नको होता, हे मान्य.

एक कळकळीचं सांगणं. कुठल्याही दुकानात मूनस्टोनचा दागिना ‘धुऊन देतो’ म्हणाले तर अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकू देऊ नका, वाफही नको. खडा दोन दिशांना सहज चिरतो. हे एकदा माझ्याच टेबलावर झालंय. गिऱ्हाइकाची आजीची कुडी होती, बाहेर काढली तेव्हा खड्यात आरपार रेघ. भरपाई दिली, पण ती बाई काही बोलली नाही, ते अजून आठवतं. कोमट पाणी, पातळ साबण, मऊ ब्रश, बस. कोंदण मागून बंद असेल तर तेही नको. जुन्या कामात खड्याखाली चांदीचा वर्ख असतो, पाणी शिरलं की काळा पडतो. अशाला नुसतं सुती फडकं.

दगडधोंडे
यात एक भर. मोह्सच्या मापावर मूनस्टोनची कठीणता सहा ते साडेसहा, क्वार्ट्‌झची सात. घरातल्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतातच. म्हणून कोरड्या फडक्याने जोराने पुसू नका, आधी धूळ झटका. जुन्या अंगठ्यांतले खडे धुरकट दिसतात ते यामुळे. ब्रोच आणि कुड्या तुलनेने चांगल्या टिकतात.

नीरजा_बाणेर
म्हणजे अंगठीपेक्षा ब्रोच जमवावा. लिहून ठेवते.

संग्राम_भोर
जुन्या बाजारात कधी मिळतं का असं काही? मी बुधवारी-रविवारी जातो, पण नाणी आणि कुलपांसाठी.

स्मरणिका
एकदाच मिळालं. २०१६ साली, पितळी बटणांच्या डब्यात काळी पडलेली चांदीची पिन, आठशे रुपयांना. तिच्यावर ‘८३०’ आणि ‘एस’ असा ठसा होता. म्हणजे हजारात ८३० भाग शुद्ध चांदी, स्कँडिनेव्हियाकडे तशी वापरत. ठसा वाचता येत नव्हता म्हणून विकणाऱ्याने ती बटणांत टाकली होती. तेव्हापासून भिंग पिशवीतून बाहेर काढलेलं नाही. पण अशा योगावर संग्रह होत नाही. माझे बाकीचे सहा ओळखीतून आले. कॅम्पातल्या, खडकीतल्या जुन्या कुटुंबांतून, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या दिवाणखान्यात बसून, चहा पिऊन, दागिन्याची हकिकत ऐकून.

आणि ‘रेनबो मूनस्टोन’ जुन्या कोंदणात दिसला तर थांबा. तो लॅब्राडोराइट, फेल्डस्पारच पण दुसऱ्या शाखेतला. बाजारात या नावाने तो गेल्या काही दशकांतच आलाय. शंभर वर्षांच्या कोंदणात सप्तरंगी खडा असेल तर खडा तरी बदललेला किंवा कोंदण तरी नवं.

बर्मिंगहॅमचा_पुणेकर
धागा उशिरा पाहिला. रविवारपेठी, तुमच्या डागाच्या मुद्द्याशी मी सहमत नाही.

डागामुळे टंच खाली आला तर तो कसाही येईल. इथे बासष्ट आलाय. साडेबासष्ट टक्के म्हणजे चोवीसात पंधरा. पंधरा कॅरेट! इंग्लंडमध्ये १८५४ साली पंधरा, बारा आणि नऊ कॅरेटला कायद्याने मान्यता मिळाली. १९३२ साली पंधरा आणि बारा बंद करून त्यांच्या जागी चौदा आणलं. म्हणजे शमिकाताईंच्या ब्रोचचं सोनं भेसळीचं नाही. ते त्या काळाचं नेमकं प्रमाण सोनं आहे आणि दागिना १९३२ च्या आधीचा आहे. ज्या आकड्यामुळे तो मोडीत निघणार होता, त्याच आकड्याने त्याचं वय सांगितलं.

शमिकाताई, दोन गोष्टी बघा. मागच्या पिनेला अडकवायची आकडी साधी उघड्या ‘सी’सारखी आहे, की वरून फिरून बंद होते? साधी असेल आणि पिनेचं टोक ब्रोचच्या कडेबाहेर डोकावत असेल, तर शक्यता आणखी मागे जाते. फिरून बंद होणारी आकडी विसाव्या शतकात रुळली. दुसरं, भिंगाने मागची बाजू तपासा. पूर्ण हॉलमार्क असेल तर बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर किंवा लंडनचं बिबट्याचं तोंड, ‘.६२५’ आणि वर्षाचं एक अक्षर मिळेल. ते अक्षर एकटं वाचू नका, दर वीस-पंचवीस वर्षांनी तीच अक्षरं पुन्हा येतात, फक्त वळण आणि ढालीचा आकार बदलतो. छोट्या ब्रोचवर बऱ्याचदा नुसतं ‘१५ सीटी’, म्हणजे पंधरा कॅरेट, एवढंच कोरलेलं असतं.

रविवारपेठी
मान्य, शंभर टक्के मान्य. बावीस आणि अठराच्या पलीकडे आमची नजरच जात नाही. उद्या पेढीवर पोरांना हा आकडा फळ्यावर लिहून दाखवतो.

माई_सहकारनगर
वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरातली एक साखळी याच कारणाने ऐंशी साली वितळवली गेली. ‘कमी टंचाची’ म्हणून.

कृत्तिका
माई...

शमिका_एरंडवणे
सगळ्यांचे मनापासून आभार. बर्मिंगहॅमचा_पुणेकर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

रविवारी दहा पटीचं भिंग आणलं आणि दुपारच्या उजेडात खिडकीत बसले. आकडी साधी ‘सी’ आहे. पिनेचं टोक कडेबाहेर दोन मिलिमीटर येतं, सासूबाई म्हणाल्या, ‘म्हणूनच आजींच्या सगळ्या शालूंना खांद्याशी एक भोक आहे!’ नांगर किंवा बिबट्या नाही. पण बिजागरीच्या शेजारी, मळ काडीने हलकेच काढल्यावर, झिजलेला एक ‘१’ आणि स्पष्ट ‘५’ दिसला. पुढचं ‘सीटी’ अर्धं पुसलंय.

दगडधोंडे काका, तुमचंही बघितलं. मधला आणि सात खडे एका दिशेने उजळतात. आठवा, पिनेच्या बाजूचा, उलट दिशेने. त्याचं कोंदणही किंचित जाड आहे. कधीतरी पडून तो बदलला असणार. मधल्या खड्यात गोम आहे, मला ती फार आवडली.

दगडधोंडे
उलट उजळणारा तो खडा बदलू नका. दुरुस्तीही त्या दागिन्याच्या आयुष्यातलीच आहे.

हिशोबनीस
मूल्यांकनात मात्र तो बदललेला खडा लिहायला सांगा. विकणाऱ्याने न सांगितलेली दुरुस्ती नंतर उघड झाली की किंमत पडते, आणि शब्दही.

स्मरणिका
आणि हे सगळं आजच वहीत लिही. मुख्याध्यापिका, शाळा, साल, शालूंची भोकं. आजींचा तो ब्रोच लावलेला एखादा फोटो असेल तर तोही शोध. उद्या तुझी मुलगी ही वस्तू कोणाला दाखवेल तेव्हा हे कागद तिच्या अर्ध्या किमतीचे असतील.

अद्वैत_जी
मी हरलो असं नाही म्हणत, पण शमिकाताई, दीड लाखाचं काय ठरलं?

शमिका_एरंडवणे
अद्वैत, तुमचं बरंचसं ऐकलं. सव्वा लाख पुन्हा एफडीत. पंचवीस हजार बाजूला ठेवलेत, त्यांतून वर्षाला एक, नीट बघून, शक्य तर हकिकतीसकट. ते परत येतील असं धरलेलं नाही. फोटोही सापडला. १९५८, शाळेचं स्नेहसंमेलन, खांद्यावर एक पांढरा ठिपका, पण तोच आहे.

एकच अडचण उरली. आकडी सैल झालीय, पिन आपोआप सुटते. पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे आणि मला तो लावायचाय.

रविवारपेठी
आकडी नुसती दाबून घट्ट होईल. पण सोनं जुनं आहे, जोराने दाबलं तर तुटेल. आणि कोणी डाग द्यायला ज्योत जवळ आणली तर खडे तडकतील. पेढीवर घेऊन या, बुधवारी चारनंतर मी स्वतः असतो. लाकडी चिमट्याने तुमच्यासमोर करतो. पैसे नकोत, तो पंधराचा आकडा मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय.

माई_सहकारनगर
लावताना पदराच्या चार घड्या एकत्र घे, आणि आतून जुन्या साडीचा चौकोनी तुकडा लाव. वजन त्यावर पडतं, शालूला भोक पडत नाही.